जी११: पुंगळी नसलेली रायफल, खरी आणि पडद्यावरची

प्रश्न असा आहे: "'कॉल ऑफ ड्यूटी: ब्लॅक ऑप्स'मध्ये जी११ नावाची खोक्यासारखी दिसणारी रायफल आहे. एकदा ट्रिगर दाबला की तीन गोळ्या जवळजवळ एकदमच सुटतात. इंटरनेटवर वाचलं की तिच्यातून रिकामी काडतुसं बाहेरच पडत नाहीत. अशी रायफल खरंच होती का? आणि एवढी भारी होती तर कुठल्याच सैन्याने ती घेतली का नाही? पुढे अशी रायफल पुन्हा येईल का?"

होती. पश्चिम जर्मनीतल्या ओबर्नडॉर्फ गावच्या हेकलर अँड कॉख कंपनीने १९६० च्या दशकाच्या शेवटी ती बनवायला घेतली आणि १९९० पर्यंत, म्हणजे वीस वर्षांहून जास्त काळ, तिच्यावर काम केलं. साधारण हजारभर रायफली तयार झाल्या, जर्मन सैनिकांच्या हातात देऊन चाचण्या झाल्या, अमेरिकेतही झाल्या. ती कामच करत नव्हती म्हणून बंद पडली, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. ते चुकीचं आहे. शेवटच्या आवृत्तीपर्यंत ती चांगली चालायला लागली होती. ती का गेली, त्याकडे येतोच.

माझी सगळी नोकरी लहान शस्त्रांच्या दारूगोळ्याच्या तपासणीत गेली. लॉटमधून नमुने काढायचे, पुंगळ्या मापायच्या, चेंबरमधला (फैरीच्या वेळी काडतूस जिथे बसतं त्या पोकळीतला) दाब आणि गोळीचा वेग तपासायचा, रेंजवर फैरी झाडून बघायच्या. त्यामुळे कुठल्याही बंदुकीकडे मी आधी गोळीच्या बाजूने बघतो, आणि जी११ नीट समजून घ्यायची तर तिच्याकडे तसंच बघायला हवं. आधी गोळी ठरली आणि मग त्या गोळीला चालवील असं यंत्र तिच्याभोवती बांधलं गेलं. गेममध्ये यंत्र दिसतं, गोळी दिसत नाही. म्हणून आधी गोळीचं बोलू.

नेहमीच्या काडतुसाचे चार भाग असतात: पुढची गोळी, आतली दारू, बुडाला ठोका बसताच पेटणारा प्रायमर, आणि हे सगळं धरून ठेवणारी पितळी पुंगळी. आपल्याकडे खडकी आणि वरणगावच्या कारखान्यांत हे काम चालतं. ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त असलेल्या पितळेची एक वाटी घेतात, ती एकामागून एक साच्यांतून ओढत लांब करतात, ओढून ओढून पितळ कडक झालं की मध्येच तापवून मऊ करतात, मग बूड घडवतात, तोंड आवळतात. शेवटी फक्त मानेचा भाग पुन्हा तापवतात. नव्या लष्करी काडतुसाच्या मानेजवळ जी निळसर तपकिरी छटा दिसते ती याच तापवण्याची. लोकांना तो डाग वाटतो. तपासनिसाला मात्र ती छटा दिसली की बरं वाटतं, कारण मान मऊ नसेल तर साठवणुकीत ती उभी चिरते.

एवढ्या मेहनतीची पुंगळी फैर झाल्यावर फेकूनच देतात. बरं, ती हलकीही नसते. ५.५६ मिमीचं एक काडतूस साधारण १२ ग्रॅमचं असतं, त्यातलं जवळजवळ निम्मं वजन पुंगळीचं. म्हणजे सैनिक जो दारूगोळा पाठीवर वाहून नेतो त्याचा निम्मा भार शत्रूपर्यंत जातच नाही, त्याच्याच पायाशी सांडतो. शिवाय पितळ महाग आणि तांब्याचा पुरवठा युद्धात कधी आटेल सांगता येत नाही. मग पुंगळीच काढून टाकली तर? हा विचार जुना आहे. दुसऱ्या महायुद्धात जर्मनांनी त्यावर काम सुरू केलं होतं. अमेरिकेत डेझी या छऱ्याच्या बंदुका बनवणाऱ्या कंपनीने १९६८ च्या सुमारास पुंगळी नसलेल्या .२२ गोळीची रायफल बाजारात आणली होती, ती थोड्याच काळात बंद झाली. पण लढाईत चालेल अशी लष्करी रायफल इथवर कुणी आणली असेल तर ती हेकलर अँड कॉखनेच.

गोळीचं काम डायनामिट नोबेल या कंपनीकडे होतं. तिचं नाव डीएम११, माप ४.७३ × ३३ मिमी. हातात घेतली तर ही गोळी वाटतच नाही. दारूचा दाबून घट्ट केलेला एक चौकोनी ठोकळा, साधारण ३३ मिमी लांब आणि ८ मिमी जाड. सव्वातीन ग्रॅमच्या आसपासची धातूची खरी गोळी त्या ठोकळ्याच्या पोटात पूर्ण बुडवलेली, तोंडावर प्लॅस्टिकची बारीक टोपी, बाहेरून लाखेसारखा लेप. सगळं मिळून वजन साधारण ५.२ ग्रॅम. मागे प्रायमर पेटला की आधी एक छोटा स्फोटक भाग पेटतो. तो गोळीला ठोकळ्यातून बाहेर ढकलून नळीच्या तोंडाशी नेऊन बसवतो, आणि त्याच धक्क्याने उरलेला ठोकळा फुटतो. फुटला की जळायला जास्त पृष्ठभाग मिळतो आणि मग मुख्य दाब तयार होतो. गोळी सेकंदाला ९३० मीटरच्या आसपास वेगाने बाहेर पडते. मागे काहीच उरत नाही.

आता अडचण. पुंगळी म्हणजे नुसती पिशवी नाही हे रेंजवर उभ्या राहिलेल्या प्रत्येक जवानाला माहीत असतं. शेजारच्या रायफलमधून उडालेली गरम पुंगळी शर्टाच्या कॉलरमध्ये पडली की माणूस जागच्या जागी नाचतो, मानेला फोड येतो. ती उष्णता आली कुठून? चेंबरमधून. दर फैरीला पितळ थोडी उष्णता स्वतःत घेऊन बंदुकीबाहेर पडतं. पुंगळी काढून टाकली की ही उष्णता बाहेर न्यायला कुणी उरत नाही, ती चेंबरच्या पोलादातच साठत जाते. त्यात पुढचा ठोकळा येऊन बसतो तो उघडाच, मध्ये पितळेची भिंत नाही. चेंबर पुरेसं तापलं असेल तर ट्रिगर न दाबताच गोळी सुटते. याला कुक-ऑफ म्हणतात. १९७० च्या दशकाच्या शेवटी नाटोने पुढच्या काळासाठी कुठली गोळी घ्यायची हे ठरवायला मोठ्या चाचण्या घेतल्या, त्यात जी११ उतरली होती आणि याच कारणामुळे तिला बाजूला व्हावं लागलं. १९८० मध्ये नाटोने ५.५६ × ४५ मिमी ही गोळी प्रमाण म्हणून घेतली. या तारखेकडे नीट बघा, रायफलचं नशीब पुष्कळसं इथेच ठरलं.

जर्मनांनी यावर काढलेला उपाय मला या सगळ्या प्रकरणातला सर्वांत देखणा भाग वाटतो. नेहमीची बंदुकीची दारू नायट्रोसेल्युलोजची असते आणि ती तुलनेने कमी तापमानाला पेटते. डायनामिट नोबेलने ती सोडून दिली आणि एचएमएक्स या स्फोटकाला बांधक द्रव्यात बसवून नवी दारू तयार केली. पेटण्याचं तापमान साधारण १०० अंश सेल्सिअसने वर गेलं. एचएमएक्सशी पुण्याचा जुना संबंध आहे, पाषाणच्या एचईएमआरएल या संरक्षण प्रयोगशाळेत त्यावर वर्षानुवर्षं काम झालेलं आहे, म्हणून यात काय कसब आहे याची इथल्या लोकांना चांगली कल्पना येईल. एचएमएक्स हे मूळचं स्फोट करणारं द्रव्य. त्याला शिस्त लावून, स्फोट न होता ठरलेल्या वेगाने जळेल असं करायचं, तेही दर गोळीला सारखंच, उन्हात सारखंच आणि बर्फात सारखंच. लॉटचा सारखेपणा तपासण्यात ज्याने उमेदीची वर्षं घालवली आहेत त्यालाच यातलं अवघडपण कळेल.

कुक-ऑफ आटोक्यात आला तरी पुंगळीची दुसरी कामं उरलीच. फैरीच्या क्षणी पितळ फुगून चेंबरच्या भिंतीला चिकटतं आणि वायूला मागे येऊ देत नाही. दाब उतरला की आखडून सुटं होतं. पुंगळी नाही म्हटल्यावर हे काम बंदुकीच्याच सांध्यांना करावं लागतं, हजारो फैरी, न झिजता. गोळी पेटलीच नाही तर एरवी पुंगळीच्या बुडाची कड पकडून ती बाहेर ओढता येते. इथे पकडायला कडच नाही, ठोकळा खालच्या तोंडातून बाहेर पाडावा लागतो. आणि पितळेच्या कवचात जी दारू पावसापाण्यापासून, आदळआपटीपासून सुरक्षित असते ती इथे फक्त एका लेपाच्या भरवशावर. ही यादी मी रायफलला नावं ठेवायला देत नाही. यातल्या एकेका मुद्द्याला त्या लोकांनी उत्तर शोधलं, म्हणून तर वीस वर्षं लागली.

यंत्राकडे वळू. गोळ्यांचं मॅगझिन नळीच्या वर, तिला समांतर आडवं बसतं, ४५ किंवा ५० गोळ्यांचं. त्यात गोळ्या खाली तोंड करून उभ्या असतात. वरून एक गोळी खाली गोल फिरणाऱ्या चेंबरमध्ये उतरते, चेंबर ९० अंश फिरतं, गोळी नळीच्या रेषेत येते, फैर होते, चेंबर परत उभं होतं, पुढची गोळी उतरते. मागेपुढे धावणारा बोल्ट नाही, पुंगळी काढणारा आकडा नाही, बाहेर फेकायची खिडकी नाही. घोडा चढवायला डाव्या बाजूला गोल फिरवायची मूठ आहे. कव्हर काढून आत बघितलं तर दातेरी चाकं आणि दांड्यांची गर्दी एखाद्या भिंतीवरच्या घड्याळासारखी दिसते. इंटरनेटवर तिचे भाग सुटे करून दाखवणारे व्हिडिओ आहेत, एखादा जरूर बघा, मी सांगतोय ते दोन मिनिटांत डोळ्यांना पटेल.

आता तीन गोळ्यांचा तो बर्स्ट. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकन लष्कराने लढाईतल्या जखमांचा आणि नेमबाजीचा अभ्यास करवून घेतला. १९५२ मध्ये नॉर्मन हिचमन यांचा अहवाल आला. त्याचा सारांश असा, की पायदळाच्या रायफलचा बहुतेक उपयोग ३०० यार्डांच्या आत होतो, आणि लढाईच्या धांदलीत सैनिकाचा नेम बराच हुकतो. मग एका वेळी थोड्या फरकाने पसरलेल्या अनेक गोळ्या सोडल्या तर हुकलेल्या नेमाची भरपाई होईल. कागदावर सोपं आहे. पण पहिल्या गोळीचा धक्का खांद्याला बसला की नळी वर उचलली जाते, दुसरी गोळी वर जाते आणि तिसरी आकाशात.

आपल्या इन्सासवरून हे सहज समजेल. पुण्याच्या एआरडीई या शस्त्र संशोधन संस्थेने बनवलेल्या इन्सास रायफलमध्येही तीन गोळ्यांचा बर्स्ट होता. तिचा वेग मिनिटाला सहाशे-साडेसहाशे गोळ्यांचा, म्हणजे दोन गोळ्यांमध्ये सेकंदाचा साधारण दहावा भाग जातो. तेवढ्यात धक्का खांद्यापर्यंत पोचतो आणि नळी हलते. जी११ चा बर्स्ट मिनिटाला २,००० हून जास्त वेगाचा आहे. २,१०० धरले तर दोन गोळ्यांमध्ये सेकंदाचा पस्तिसावा भाग. पहिल्या गोळीपासून तिसऱ्यापर्यंत सगळं सेकंदाच्या सतराव्या-अठराव्या भागात संपतं. आणि इतकं करून तो धक्का त्या वेळात खांद्याला बसतच नाही, कारण नळी, चेंबर, मॅगझिन हे सगळं बाहेरच्या खोक्याच्या आत सरकणाऱ्या एका सांगाड्यावर बसवलेलं आहे. पहिली गोळी सुटली की सांगाडा मागे सरकायला लागतो. तो सरकत असतानाच दुसरी आणि तिसरी सुटते. सांगाडा मागच्या टोकाला आदळतो आणि खांद्याला जाणवतं, तोवर तिसरी गोळी नळीबाहेर गेलेली असते. सलग फायरवर मात्र सांगाडा दर गोळीला पूर्ण मागे जाऊन परत येतो, म्हणून तेव्हा वेग मिनिटाला ४६० च्या आसपास उतरतो. बोल्ट नसल्याचा आणि पुंगळी बाहेर फेकावी लागत नसल्याचा खरा फायदा हाच आहे. वजनाची बचत सगळे सांगतात, पण पुंगळी ठेवून हा वेग गाठणं फार कठीण झालं असतं. रशियनांनी गेनादी निकोनोव्ह यांच्या एएन-९४ मध्ये पुंगळीसकट हे जमवलं, पण दोनच गोळ्यांचं आणि मिनिटाला १,८०० च्या वेगाने, आणि त्यासाठी त्यांनाही आत दोरी आणि कप्पी घालावी लागली.

वजनाचा हिशेबही सांगतो, कारण त्या काळात तो फार गाजला. रायफल आणि दारूगोळा मिळून साधारण साडेसात किलोच्या आत बसवायचं ठरवलं, तर जर्मन सैन्याच्या तेव्हाच्या जी३ रायफलसोबत १०० गोळ्या येत होत्या, अमेरिकन एम१६ए२ सोबत २४०, आणि जी११ सोबत ५१०.

आता पडदा. १९९३ च्या 'डिमॉलिशन मॅन' या हॉलिवूडपटात २०३२ सालचं जग दाखवलं आहे. त्यात वेस्ली स्नाइप्सने रंगवलेला खलनायक संग्रहालयातली जुनी हत्यारं लुटतो आणि त्यात त्याला एक चुंबकीय शक्तीने चालणारी बंदूक मिळते. ती जी११ आहे, वरून काही भाग चढवून सजवलेली. प्रकल्प गुंडाळून तेव्हा फार तर तीन वर्षं झाली होती. सिनेमावाल्यांनी ती का निवडली असेल हे रायफल बघितल्यावर कळतं. सामान्य प्रेक्षकाच्या मनात बंदुकीचं जे चित्र असतं, खाली लोंबणारं मॅगझिन, बाजूची खिडकी, पुढेमागे होणारा बोल्ट, त्यातलं इथे काहीच दिसत नाही. खऱ्या अभियंत्यांनी खऱ्या कारणांसाठी केलेली रचना भविष्यातली वाटायला फारसा मेकअप लागला नाही. पण त्यात एक गोष्ट हरवली: ज्या बंदुकीचं सगळं वैशिष्ट्य रासायनिक दारूत होतं, तिलाच पडद्यावर दारूशिवाय चालणारी बंदूक केलं.

गेम्समध्ये ती जास्त मानाने नांदली. १९९८ च्या 'फॉलआउट २' मध्ये ती आहे, आणि तिच्यासाठी ४.७ मिमी केसलेस ही वेगळी गोळी ठेवली आहे. एरवीच्या रायफलची गोळी तिला चालत नाही. १९९९ च्या 'जॅग्ड अलायन्स २' मध्येही तसंच. दोन्ही गेम्स जुने, वरून बघायचे, आजच्या मुलांना चित्रं ओबडधोबड वाटतील. पण माझ्या दृष्टीने या रायफलचं सर्वांत खरं चित्रण तिथेच आहे, कारण बंदूक हाती लागली तरी तिची गोळी कुठे मिळणार हा प्रश्न खेळणाऱ्याला पडतो. नेमका हाच प्रश्न जर्मन लष्कराच्या पुरवठा खात्याला पडला होता.

'ब्लॅक ऑप्स' २०१० चा. बर्स्टचा अनुभव त्यात चांगला आणला आहे: तीन गोळ्या जवळजवळ एकाच जागी बसतात, आणि नेम धरणाऱ्याला त्याचं बक्षीस मिळतं. तिच्यावर चढवायला त्यांनी फक्त दुर्बिणी ठेवल्या, इतर रायफलींसारख्या दहा वस्तू लटकवायला दिल्या नाहीत, तेही मला योग्य वाटतं. मॅगझिन मात्र ४८ गोळ्यांचं केलं. ४८ ला तीनने भाग जातो म्हणून केलं असावं, पण भाग तर ४५ लाही जातो आणि ते खरं मॅगझिन होतं. मोठी गडबड काळाची आहे. गेमची गोष्ट १९६० च्या दशकातली, क्यूबा आणि व्हिएतनामची. तेव्हा ओबर्नडॉर्फमध्ये या रायफलच्या कामाला जेमतेम सुरुवात होत होती. गेममधली रायफल दिसते ती त्यानंतर बऱ्याच वर्षांनी आकाराला आलेली. शीतयुद्धाचं वातावरण उभं करायला तिचा उपयोग होतो हे खरं, पण १९६८ मध्ये असली तीन गोळ्यांची शिताफी कुणाच्याच हातात नव्हती, हे खेळताना लक्षात असलेलं बरं. चिनी 'गर्ल्स फ्रंटलाइन' या मोबाइल गेममध्ये तर बंदुकांना मुलींचं रूप दिलं आहे आणि जी११ ही कायम झोपाळलेली मुलगी आहे. त्याबद्दल मला फार काही म्हणायचं नाही, पण त्या निमित्ताने बऱ्याच पोरांनी खऱ्या रायफलची माहिती शोधून वाचली, हे चांगलंच झालं.

सैन्याने नाकारलेली हत्यारं गेम्समध्ये इतकी का दिसतात, हेही यात आलंच. महाराष्ट्रातल्या पोरांनी २०२२ च्या बंदीपर्यंत 'फ्री फायर' भरपूर खेळला, त्यातली एक्सएम८ रायफल पुष्कळांना आठवत असेल. तीही हेकलर अँड कॉखचीच, जी३६ वरून अमेरिकन लष्करासाठी केलेली आणि २००५ मध्ये रद्द झालेली. गेम बनवणाऱ्याला वेगळं दिसणारं, ज्याच्याभोवती थोडं गूढ आहे असं हत्यार हवं असतं. सैन्याला लाखोंच्या संख्येने, दहा-दहा वर्षं, धुळीत आणि चिखलात चालेल आणि ज्याची गोळी शेजारच्या मित्रदेशाकडूनही मिळेल असं हत्यार हवं असतं. गेममध्ये बंदुकीचे आकडे असतात: मारा, वेग, पल्ला. पुरवठ्याचा आकडा क्वचित असतो.

मग ती गेली कशी? दोन दारं एकाच वर्षी बंद झाली. अमेरिकेत अ‍ॅडव्हान्स्ड कॉम्बॅट रायफल या योजनेत १९८९-९० मध्ये जॉर्जिया राज्यातल्या फोर्ट बेनिंग इथे चार कंपन्यांच्या रायफली तपासल्या गेल्या. कोल्टने एकाच काडतुसात मागेपुढे दोन गोळ्या घातल्या होत्या, एएआय आणि ऑस्ट्रियाच्या श्टायरने खिळ्यासारखे बारीक बाण आणले होते, आणि चौथी जी११. अट अशी होती की एम१६ए२ पेक्षा नेम लागण्याचं प्रमाण दुपटीने वाढलं पाहिजे. एकीलाही ते जमलं नाही. अशी अट पुरी करणं कुठल्याही रायफलला शक्य होतं असं मला वाटत नाही, कारण दबावाखाली चुका रायफलपेक्षा माणसाच्या जास्त असतात. पण अट ती अट, योजना तिथेच थांबली.

जर्मनीत तर रायफल चाचण्यांतून पार पडली होती. पण नोव्हेंबर १९८९ मध्ये बर्लिनची भिंत पडली आणि ३ ऑक्टोबर १९९० ला दोन्ही जर्मनी एक झाले. नव्या जर्मनीने सैन्य ३,७०,००० वर आणण्याचं करारात मान्य केलं. ज्या सोव्हिएत रणगाड्यांसमोर उभं राहायला ही रायफल आखली होती ते रणगाडे परत जायला लागले होते, आणि पूर्व जर्मनीला वर आणायला अफाट पैसा लागणार होता. त्यात ती गोळी, जी नाटोतल्या दुसऱ्या कुणाकडेच नव्हती. सगळ्यांची ५.५६ ठरून दहा वर्षं झाली होती. नवी रायफल घ्यायची म्हणजे नवी गोळी, तिचे कारखाने, तिची गोदामं, तिचे तपासनीस, सगळंच नवं. सरकारने नको म्हटलं. कंपनीने या रायफलवर आपलं भवितव्य लावलं होतं, ती अडचणीत आली आणि १९९१ मध्ये ब्रिटिश एरोस्पेसच्या रॉयल ऑर्डनन्सने तिला विकत घेतलं. जर्मन सैन्याला १९९७ पासून जी३६ मिळाली, ५.५६ ची, पितळी पुंगळीची, साध्या वायूच्या दट्ट्याची. कंपनीचे अभियंते टिलो म्योलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जी११ वर घातलेल्या वर्षांचा विचार केला की वाईट वाटतं. पण पुरवठा सांभाळणाऱ्याच्या खुर्चीत बसलो असतो तर मीही तोच निर्णय घेतला असता.

पुन्हा येईल का? प्रयत्न झाला. २००४ पासून अमेरिकेने एलएसएटी या नावाने हलक्या दारूगोळ्याची योजना चालवली, त्यात जी११ च्या गोळीतल्या ज्ञानावर उभी केसलेस गोळी आणि प्लॅस्टिकच्या कवचातली गोळी अशा दोन्ही वाटा होत्या. हळूहळू सगळं लक्ष प्लॅस्टिक कवचाकडे गेलं, कारण ते हलकंही आहे आणि फैरीनंतर थोडी उष्णता बाहेरही नेतं. तरीही २०२२ मध्ये अमेरिकन लष्कराने जी नवी रायफल निवडली, सिग सॉअरची एक्सएम७, तिची ६.८ × ५१ मिमीची गोळी पोलादी बूड आणि पितळी धड जोडलेल्या पुंगळीत येते. शत्रूचं चिलखत भेदायला जास्त दाब हवा होता, आणि तो दाब झेलायला पुंगळीच मजबूत करावी लागली. आधीची ५.५६ ची एम४ घेऊन जाणारा सैनिक २१० गोळ्या नेत असे, एक्सएम७ सोबत १४० नेतो. केसलेस गोळीचा दिवस पुन्हा यायचा असेल तर आधी ५.५६ आणि ७.६२ सारखी सगळ्या मित्रदेशांना मान्य होईल अशी एक केसलेस गोळी ठरावी लागेल. अमेरिकन लष्कर सध्या उलट दिशेने, जड आणि जास्त दाबाच्या काडतुसाकडे चाललं आहे, तेव्हा पुढच्या वीस वर्षांत तरी मला ते होईलसं दिसत नाही. हलक्या दारूगोळ्यात रस असेल तर प्लॅस्टिक कवचाच्या गोळ्यांवर लक्ष ठेवा, काम तिकडे चालू आहे.